उपचार परळला, आधार शेजारी

रायगडच्या किनाऱ्यावर एखाद्या घरात कॅन्सरचं निदान झालं की आजाराबरोबर एक लांबलचक प्रवासही सुरू होतो. गाव श्रीवर्धन असो, मुरूड असो, रेवदंडा असो की उरण, बायोप्सीचा अहवाल हातात आल्यावर पुढचा पत्ता बहुतेक वेळा एकच असतो : परळचं टाटा रुग्णालय. त्याच संस्थेचं खारघरचं केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. तरीही म्हसळ्या-श्रीवर्धनच्या माणसाला तिथं पोचून, तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतणं जड जातं. पहाटेची एसटी, वडखळ-पेणचा रस्ता, पनवेलला उतरून लोकल. नाहीतर मांडवा किंवा रेवसची बोट आणि पुढे टॅक्सी. मग रांग, रक्ततपासणी, पुन्हा रांग आणि पुढची तारीख. असे महिन्यांमागून महिने जातात.

म्हणून इथल्या माणसाला कॅन्सरचं ओझं दुप्पट होतं. निम्मं ओझं आजाराचं. ते डॉक्टरांच्या आणि औषधांच्या हवाली करावं लागतं. उरलेलं निम्मं प्रवासाचं, मागे राहिलेल्या घराचं, बुडालेल्या मजुरीचं आणि एकटेपणाचं. हे दुसरं निम्मं शेजारी, नातेवाईक, बचत गटातल्या बायका, मंडळातली पोरं, शाळेतले गुरुजी, होडीचा मालक असे कुणीही उचलू शकतात. त्याला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. नेमकेपणा लागतो आणि चिकाटी लागते. ते कसं करावं, हेच या लेखात सांगायचं आहे.

मदत विचारू नका, नेमकं काम सांगा

आजाऱ्याला भेटून निघताना आपण सगळेच म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." भावना खरी असते, पण सांगण्याचा भार आपण पुन्हा त्याच घरावर टाकलेला असतो. कोकणातली माणसं मागायला संकोचतात. ज्या घरानं आजवर दुसऱ्यांना दिलं, त्या घराला हात पसरणं आजाराहून अवघड वाटतं. त्यामुळे "सांगा" म्हटलेलं कुणी सांगत नाही आणि आपणही आपलं कर्तव्य झालं असं समजतो.

त्याऐवजी आपल्याला झेपेल असं एक काम ठरवून बोला. "काकू, दर मंगळवारी रात्रीचं जेवण आमच्याकडून." "दादा, तुमची पुढची तारीख कधी आहे? मी सोबत येतो." "वहिनी, धाकट्याला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे." यात समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर रागावू नका. पंधरा दिवसांनी दुसरं काही सुचवा.

दुसरा नियम नियमितपणाचा. निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यात घरात माणसं मावत नाहीत. चौथ्या महिन्यात उंबऱ्याशी कुणी दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच अंगातली आणि खिशातली ताकद संपत आलेली असते. एकदाच मोठा थाट करण्यापेक्षा छोटं काम शेवटच्या तारखेपर्यंत निभावणं जास्त मोलाचं. चार-पाच घरांनी मिळून वार वाटून घेतले तर कुणा एकावर भार पडत नाही. हे वाटप सांभाळायला एकच माणूस नेमा, म्हणजे आजाऱ्याच्या घरचा फोन दिवसभर वाजत राहणार नाही.

प्रवासाची सोबत

किनाऱ्यावरच्या रुग्णाला सर्वांत आधी हवी असते ती सोबत. दर वेळी घरातल्या एकाच माणसानं जायचं म्हटलं तर त्याची मजुरी बुडते आणि तोही मोडून पडतो. गावातल्या दोघा-तिघांनी आळीपाळीनं जाण्याचं ठरवलं तर घर सावरतं.

सोबत जाणाऱ्यानं आदल्या रात्री पिशवी तपासावी. फाईल, जुने सगळे अहवाल, बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक दिले असतील तर तेही, रेशनकार्ड, आधार, चालू औषधांची यादी. शिवाय पाणी, कोरडा खाऊ, शाल, उलटीसाठी पिशव्या आणि मोबाइलचा चार्जर. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरीच कागदावर लिहून घ्यावेत आणि उत्तरं तिथल्या तिथं टिपून घ्यावीत. घाबरलेल्या माणसाच्या कानावर निम्मंच पडतं. सोबत्यानं लिहिलेला तो कागद पुढे आठवडाभर घराला उपयोगी पडतो.

पावसाळ्याचा विचार आधीच करा. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो मार्च 2020 पासून सुरू आहे आणि तिच्यातून गाडीसकट जाता येतं, पण दर्या खवळला की तीही थांबते. तारीख जून-जुलैतली असेल तर रस्त्याची सोय हाताशी ठेवावी. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून उरण-चिर्ले भागातून शिवडीला थेट उतरता येतं आणि शिवडीहून परळ जवळच आहे. तुम्ही कामानिमित्त गाडीनं मुंबईला जात असाल तर तुमचा दिवस त्यांच्या तारखेशी जुळवता येतो का ते पाहा. केमो घेतलेल्या माणसासाठी परतीच्या एसटीतले उभ्यानं काढलेले चार तास म्हणजे शिक्षाच असते.

भाड्यातल्या सवलती अनेकांना माहीत नसतात. एसटीत सर्व महिलांना मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, तर 75 च्या पुढे प्रवास मोफत आहे. कर्करुग्णांसाठीही एसटीची सवलत आहे. तिची कागदपत्रं जवळच्या आगारात विचारून घ्या. उपचारासाठी लांबच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत मिळते, तर मुंबईच्या लोकलमध्ये कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. दोन्हींसाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. ते काढून देण्यासाठी खिडकीशी उभं राहणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

मुंबईत राहायची सोय

रेडिएशन बहुधा आठवड्यातले पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. अशा वेळी रोज ये-जा करणं अशक्य. टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी या कार्याचा ध्यास घेतला आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या न्यासानं ते पूर्ण केलं. पण रुग्णालय उभं राहिलं तरी बाहेरगावचा रुग्ण आणि त्याचा माणूस रात्री झोपणार कुठं, हा प्रश्न उरतोच. तो सोडवण्याचं काम मुंबईत अनेकांनी केलं आहे. गाडगेबाबांच्या प्रेरणेनं उभी राहिलेली दादरची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूड या संस्था आज हजारोंना आसरा देतात. सेंट ज्यूडमध्ये कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या मुलांची, आईवडिलांसकट, विनामूल्य राहण्याची सोय होते. या सगळ्या ठिकाणी जागा मर्यादित असते. म्हणून पहिल्याच भेटीत टाटातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन चौकशी करावी. धर्मशाळेसाठीची चिठ्ठी, औषधांसाठीची मदत, संस्थांची नावं यांची माहिती तिथं मिळते.

इथं मुंबईत राहणाऱ्या आपल्या गाववाल्यांना मुद्दाम सांगायचं आहे. लालबाग, परळ, शिवडी, गिरगाव इथं रायगडची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईकर मंडळ आहे. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारी ही मंडळी गावातल्या रुग्णाच्या फार उपयोगी पडू शकतात. रात्रीपुरती एक गादी, सकाळचा चहा, दुपारचा डबा, रांगेत लवकर जाऊन उभं राहणं, अहवाल घेऊन ठेवणं. परळजवळ राहणाऱ्या माणसासाठी हे तासाभराचं काम असतं, गावच्या माणसासाठी तेच पूर्ण दिवसाचं. मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या आणि गावात नाव, फोन, दिवस यांची यादी पाठवून ठेवा.

रक्त आणि प्लेटलेट

केमोमुळे अनेक रुग्णांच्या प्लेटलेट झपाट्यानं उतरतात, रक्ताच्या कर्करोगात तर वारंवार. काढलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. त्या वेळी दाता हजर लागतो. मशीनवर प्लेटलेट द्यायला तास-दीड तास लागतो आणि रक्तातला बाकीचा भाग दात्याच्या शरीरात परत सोडला जातो. शरीर त्या लवकर भरूनही काढतं. 18 ते 60 वयाचा निरोगी, पुरेशा वजनाचा माणूस तपासणीनंतर हे दान करू शकतो.

अलिबाग, पेण, रोहे पट्ट्यात कबड्डीची मंडळं गावोगाव आहेत, गोविंदा पथकं आहेत, क्रिकेटचे संघ आहेत. त्यांनी आपल्या खेळाडूंच्या रक्तगटाची यादी करून ठेवावी. गावातल्या कुणाला गरज पडली तर मुंबईत नोकरीला असलेली दोन पोरं त्याच दिवशी पोचतील, अशी व्यवस्था लावावी. स्पर्धेतल्या चषकाइतकाच हा मंडळाचा मान आहे.

डबा देताना

जेवण पाठवणं ही आपल्याकडची सहज सुचणारी माया. पण कॅन्सरच्या रुग्णाला डबा देताना काही गोष्टी पाळाव्या लागतात, आणि डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

केमोच्या दिवसांत वासाचा त्रास होतो. एरवी ज्याच्या वासानं भूक लागायची तो तळलेला बोंबील किंवा भाजलेली सुकट आता मळमळ आणते. आधी विचारा, आणि शेजारी राहत असाल तर त्या दोन-तीन दिवसांत सुकं म्हावरं भाजणं टाळा. जिभेची चव जाते, अन्न धातूसारखं लागतं. तुमचं जेवण उरलं तर वाईट वाटून घेऊ नका. भरपूर एकदम देण्यापेक्षा थोडं थोडं, दोन-तीन तासांनी खाता येईल असं द्या.

तोंड आलेलं असेल तर तिखट, आंबट, कडक काही चालत नाही. कोकमही झोंबतं. मऊ भात-वरण, मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, तांदळाची पेज, पूर्ण उकडलेलं अंडं, काटे काढून नीट शिजवलेला मासा असं काही बरं पडतं. शरीर भरून निघायला प्रथिनं लागतात. त्यामुळे 'आजाऱ्यानं अंडी-मासे खाऊ नयेत' असं आपल्या मनानं ठरवून त्याचं ताट रिकामं करू नका.

पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं अन्नच द्यावं. कच्ची कोशिंबीर, न तापवलेलं दूध, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरचं खाणं टाळावं. डब्यावर चिठ्ठी लावा : काय आहे, कधी केलं, तिखट किती. भांडी परत करायची घाई नको, हेही सांगून टाका. आणि घरातल्या इतरांसाठी नेहमीचं जेवण पाठवायला विसरू नका. आजाऱ्याची पेज शिजते, पण त्याची काळजी घेणारी बाई कित्येकदा उपाशी झोपते.

ताप आला तर वाट पाहू नका

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास शरीराची प्रतिकारशक्ती सर्वांत खाली येते. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला तर ती तातडीची वेळ समजावी. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं. उपचार करणाऱ्या रुग्णालयाला लगेच फोन करावा आणि ते सांगतील त्याप्रमाणे जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

पण मध्यरात्री खाडीकाठच्या वाडीत वाहन मिळणं सोपं नसतं. तुमच्याकडे गाडी असेल, रिक्षा असेल, तर त्या घराला आधीच सांगून ठेवा : "रात्री कितीही वाजले तरी फोन करा." त्या फोनची वेळ कदाचित कधीच येणार नाही. तरी तो शब्द मिळाला म्हणून त्या घरातली माणसं शांत झोपतात.

याच काळात आपली सर्दी, आपला खोकला त्यांच्या घरात नेऊ नका. आत जाताना साबणानं हात धुवा. दहा जणांचा घोळका घेऊन भेटायला जाऊ नका. कॅन्सर हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका खाटेवर बसल्यानं होत नाही. त्यामुळे ताट-पेला वेगळा काढणं, मुलांना जवळ जाऊ न देणं हा नुसता अपमान आहे. जंतूंपासून जपायचं आहे ते रुग्णाला. एवढीच एक काळजी घ्यावी, की केमोनंतरच्या दोन दिवसांत उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण तेव्हा औषधाचा अंश बाहेर पडत असतो.

काय बोलावं, काय बोलू नये

"किती बारीक झालीस गं!" "माझ्या मावशीलाही हेच होतं, सहा महिनेसुद्धा काढले नाहीत तिनं." "तंबाखू खात होतास ना, मग भोग आता." "गेल्या जन्मीचं काहीतरी असेल." अशी वाक्यं चांगल्या मनाच्या माणसांच्या तोंडूनही निघतात आणि रुग्णाच्या मनात वर्षभर रुतून बसतात. दोष देऊन कुणाचा आजार कमी होत नाही. "धीर सोडू नकोस, लढ" असं सतत म्हटलं की त्याला रडायचीही चोरी होते.

साधं बोला. "आज कसं वाटतंय?" "बोलावंसं वाटतंय की नुसतं बसू?" पावसाबद्दल, वाडीबद्दल, नातवंडांबद्दल, काल कुणाच्या होडीला काय लागलं याबद्दल बोला. चोवीस तास आजारच ऐकून तोही कंटाळलेला असतो. तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्याचं बोलणं नीट कळत नाही. त्याला वेळ द्या, त्याची वाक्यं तुम्ही पुरी करू नका, आणि कळलं नाही तर प्रेमानं पुन्हा विचारा. वीस मिनिटांत उठा. थकवा दिसला तर त्याआधीच.

ऐकीव औषधांचा आग्रह धरू नका. कुणी पाल्याचा रस सांगतं, कुणी दूरच्या वैद्याचा पत्ता देतं, कुणी मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवतं. काही काढे केमोच्या औषधांत अडथळा आणतात किंवा यकृताला अपाय करतात. रेडिएशन घेतलेल्या कातडीवर डॉक्टरांना न विचारता हळद, तेल किंवा लेप लावू नये. नवस बोला, देवाला नारळ ठेवा, दर्ग्यावर चादर चढवा. श्रद्धेचा आधार मोठा असतो. पण कुणाच्याही सांगण्यावरून उपचाराची तारीख चुकू देऊ नका. आणि आजाराची बातमी सांगणं हा त्या घराचा हक्क आहे. तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं बाजारात नेऊ नका.

मागे राहिलेलं घर

रुग्ण मुंबईत असतो तेव्हा गावातली सुपारीची बाग शिंपावीच लागते, नारळ उतरवायचे राहतात, गाय दूध द्यायची थांबत नाही. श्रीवर्धन-नागाव पट्ट्यात शेजाऱ्यानं आठवड्यातून दोन पाळ्या शिपणं काढलं तरी त्या घरचं वर्षाचं उत्पन्न वाचतं. कोळीवाड्यात एखादी बाई उपचाराला गेली तर बाजारातली तिची बसायची जागा इतरजणींनी राखून ठेवावी आणि तिच्या वाट्याचं म्हावरं विकून पैसे घरी द्यावेत. स्तनाची शस्त्रक्रिया होऊन ती परतल्यावर त्या बाजूच्या हातानं पाटी उचलू देऊ नये. हात सुजण्याचा धोका असतो. विहिरीचं पाणी तिला कुणीतरी भरून द्यावं.

होडीच्या मालकानं खलाशाची जागा राखावी, दुकानदारानं उधारीला थोडी मुदत द्यावी, बचत गटानं हप्ता काही महिने सांभाळून घ्यावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी घरात पैसा येत नाही. त्या दोन महिन्यांत किराणा भरून देणं फार उपयोगाचं. शाळेत वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. मूल गप्प झालं, गृहपाठ राहिला तर त्याला वर्गात उभं करण्याऐवजी जवळ घेऊन विचारणारा शिक्षक त्या मुलाला हवा असतो. गावात हळदीचा डीजे लागणार असेल तर त्या घरासमोर आवाज बंद ठेवा. वरातीचा आनंद त्यानं कमी होत नाही.

जी बाई रुग्णाची शुश्रूषा करते, मग ती बायको असो, सून असो की लेक, तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहा. एक रात्र तिच्या जागी बसा, म्हणजे ती सलग झोपेल. तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत का ते विचारा. "तुम्ही कशा आहात?" हा प्रश्न तिला क्वचितच कुणी विचारतं.

पैसा, योजना आणि जमीन

पैसे द्यायचे असतील तर गाजावाजा न करता द्या, आणि कशासाठी ते ठरवून द्या : या महिन्याची तिकिटं, औषधाचं एक बिल, मोबाइलचा रिचार्ज. त्याआधी सरकारी योजना मिळवून देण्यासाठी पायपीट करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. चौकशीसाठी 155388 किंवा 18002332200 हे क्रमांक आहेत. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत मिळते. रेशनकार्डातलं चुकलेलं नाव दुरुस्त करणं, तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणणं, अर्ज भरणं ही कामं गावातला शिकलेला मुलगा दोन दिवसांत करू शकतो. रुग्णाच्या म्हाताऱ्या बापाला त्यासाठी महिना घालवावा लागतो.

अलिबाग-मुरूड पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. उपचारासाठी पैसा हवा म्हटल्यावर दलाल दाराशी येतात आणि घाबरलेलं घर मिळेल त्या भावात सही करतं. अशा वेळी शेजाऱ्यानं त्यांना थांबवावं. आधी योजना, मग संस्था, मग नातेवाईक, आणि तरीही विकावंच लागलं तर जाणत्या माणसाला घेऊन योग्य भावात. अडलेल्या घराची जमीन स्वस्तात स्वतःच्या नावावर करून घेणं हे पाप आहे आणि ते गावानं मोठ्यानं म्हणावं.

उपचार संपल्यावर आणि उपचार थांबल्यावर

शेवटची केमो झाली की सगळ्यांना वाटतं, झालं, सुटला. रुग्णाला मात्र पुढे कित्येक महिने थकवा असतो, आणि दर तपासणीच्या आधी भीतीनं झोप उडते. त्या तारखेची आठवण ठेवा, आदल्या संध्याकाळी फोन करा. केस परत येतात, पण तोवर हळदीकुंकवाला, लग्नाला, गौरीच्या ओवशाला तिला मुद्दाम बोलवा. येणं-न येणं तिच्यावर सोडा. कामावर परतलेल्याला एकदम जड काम देऊ नका आणि त्याला निकामीही ठरवू नका.

कधी डॉक्टर सांगतात की आता आजार बरा होणार नाही. तेव्हा माणसं पाय मागे घेतात, कारण काय बोलावं ते सुचत नाही. पण वेदना कमी करण्याचे उपचार तेव्हाही असतात आणि ते मागून घ्यावेत. टाटात त्यासाठी वेगळा विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करतं. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर 'सवय लागेल' या भीतीनं ते थांबवू नका. दुखणं कमी झालं की माणूस लेकरांशी बोलू शकतो, त्याला हवं ते सांगू शकतो. तुम्ही नुसतं शेजारी बसा, हात हातात घ्या. आणि तो गेल्यावर तेराव्यानंतरही त्या घरी जात राहा.

आपल्या ओट्यावरून सुरुवात

आजार होऊच नये म्हणून केलेला आग्रह हीसुद्धा मायाच आहे. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि सुपारी घरोघरी चालते. सुपारी हे या किनाऱ्याचं पीक आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच ती, तंबाखूशिवाय खाल्ली तरी, माणसाला कॅन्सर करणारी ठरवली आहे. तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेल्या शरद पवारांनी गुटखा-सुपारीच्या सवयीबद्दल लोकांना जाहीरपणे सावध केलं आहे. सोडू पाहणाऱ्याला पानाचं तबक पुढे करू नका. 1800112356 या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर तंबाखू सोडण्यासाठी मोफत समुपदेशन मिळतं. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा चट्टा, स्तनात गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव दिसला तर संकोच बाजूला ठेवून दाखवायला न्या. वय 30 च्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा. शेजारणीला एकटं जायची भीती वाटत असेल तर तिच्यासोबत तुम्हीही तपासून घ्या.

हे सगळं एकट्यानं करायचं नाही. या आठवड्यात आपल्या आळीत, पाड्यात, कोळीवाड्यात कुणाच्या घरी हा आजार आहे ते आठवा. वरच्यातलं एक काम निवडा, त्या घरी जाऊन ते नेमक्या शब्दांत सांगा आणि त्यांची शेवटची तारीख संपेपर्यंत ते सोडू नका.